विषय : हार्लेक्विन श्रिंपसाठी कबूल केलेले जिवंत स्टारफिश न मिळाल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी हार्लेक्विन श्रिंपची (खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळायच्या छोट्या कोळंबीची) जोडी घेतली, ती सोबत दरमहा जिवंत स्टारफिश पाठवण्याची योजना होती म्हणूनच. वर्षभराचे पैसे आगाऊ घेतलेत. पहिलं पार्सल व्यवस्थित आलं. दुसऱ्यातला स्टारफिश मात्र पिशवीतच मरून विरघळला होता. पाणी पांढरट गढूळ, आणि वास असा की पिशवी तशीच बाहेर नेऊन टाकावी लागली. तो टाकीत गेला असता तर अमोनिया वाढून बाकीचे जीवही गेले असते. त्यानंतर एकही पार्सल आलेलं नाही.

फोन केला की तुमची माणसं सांगतात, "पेलेट द्या, फ्रोझन आर्टेमिया (गोठवलेले बारीक झिंगे) द्या, भूक लागली की खातील." साहेब, खात नाहीत. स्टारफिश हेच या श्रिंपचं अन्न आहे. दोघं मिळून स्टारफिश उलथा करतात, मग पुढच्या बारीक चिमट्यांनी त्याच्या तळाचे नळीसारखे पाय एकेक खुडून खातात. मोठा स्टारफिश असेल तर एकावेळी एक भुजा पुरते. पेलेट टाकून पाहिले. जोडी त्यांच्यावरून चालत गेली, थांबलीसुद्धा नाही. रात्री हर्मिट क्रॅबनी ते फस्त केले. लाइव्ह रॉकबरोबर (टाकीत ठेवायच्या, जीव असलेल्या समुद्री दगडांबरोबर) आलेल्या नखाएवढ्या स्टारफिशवर, म्हणजे अ‍ॅस्टेरिनांवर काही दिवस निभावलं, आता त्याही संपल्या. मादी दगडाच्या कपारीतून बाहेर यायची थांबली आहे. माझा जीव टांगणीला लागलाय.

"किनाऱ्यावरून आणा" हा सल्लाही मिळाला. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, तिथे स्टारफिश मिळालाच तर तो कोणता, सोबत कसला रोग घेऊन येईल, याची खात्री कोण देणार? ही जबाबदारी घेण्याचेच पैसे तुम्ही घेतले आहेत.

तेव्हा या आठवड्यात जिवंत स्टारफिश पाठवा. थर्माकोलच्या खोक्यात, पिशवीत ऑक्सिजन भरून, आणि पार्सल निघाल्याचा मेसेज करून, म्हणजे मी बसस्टँडवर स्वतः घ्यायला येईन. ते जमत नसेल तर तसं आजच स्पष्ट सांगा, मी दुसरीकडून सोय करतो, आणि योजनेची उरलेली सगळी रक्कम परत करा. मेलेल्या मालाची भरपाई वेगळी.

शिवाय वेबसाइटवर या श्रिंपखाली "सर्व प्रकारचं खाद्य खातो, नवशिक्यांसाठी योग्य" असं लिहिलंय, ते आधी काढा. ते वाचून कुणी घेऊन जाईल, पेलेट टाकत राहील आणि डोळ्यांदेखत जोडी उपाशी मरेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मेलेल्या स्टारफिशचे फोटो, पैसे भरल्याची पावती आणि तुमच्या वेबसाइटवरील मजकुराची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक
राजारामपुरी, कोल्हापूर