कविता मीरा मंदार

प्रिय शुभे,

पाडव्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. शिव्या दे, पण पत्र संपल्यावर. माझी तब्येत बरी आहे, गोळी चालू.

मंदारला मुलगी झाली. रविवारी बारसं. आत्या मीच, म्हणजे कानात कुर्र करून पाठीत धपाटे खायचा मानही माझाच. गुरुजींनी पत्रिका बघून पूर्वाषाढाचा चौथा चरण काढला, अक्षर 'ढा'! गणिताच्या तासाला तू मला म्हणायचीस, तेच. ते पाळण्यातल्या नावापुरतं ठेवलं.

खरा घोळ पुढेच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग वडलांचं. आमच्या आईला ते अजून पचलेलं नाही. त्यामुळे सुचेल त्या नावाला 'मीरा मंदार' जोडून मोठ्यांदा म्हणून बघायचं. ईरा मीरा मंदार म्हणजे बडबडगीत. सारा मीरा मंदार म्हटलं, तर सारी मीराच, मग मंदार कशाला? मुक्ता मीरा म्हणजे घरात भजनी मंडळ.

परवा मंदार म्हणाला, "कविता ठेवू या. कविता मीरा मंदार. म्हणून बघा." आई ताडकन म्हणाली, "जिवंत माणसाचं नाव घरात परत ठेवत नाहीत." तर हा म्हणतो, "अगं, पण ताई तर वैदेही आहे ना?"

मी कुकर बघायला आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

त्याचा काय दोष? माझ्या लग्नात तो बारा वर्षांचा, जिलेबीत गुंग. ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, तेव्हा तू ते विस्कटायला निघालीस, मी तुझा हात धरला आणि तू सहा महिने बोलली नाहीस. अजूनही सांगते, तमाशा झाला असता. पण आता कविता उरली दहावीच्या मार्कलिस्टवर आणि तुझ्या तोंडात.

एकदा वाटतं, येऊ दे वापरात, घडी घालून ठेवलेल्या पैठणीसारखं किती दिवस ठेवायचं? मग वाटतं, उद्या पोरीला कुणी हाक मारली आणि मीच ओ दिली तर? मीरा नुसती माझ्याकडे बघत होती. दाखल्यावर नाव वर्षभरात घालता येतं, कानात मात्र रविवारीच सांगायचंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा गुडघा? तुझी लोणच्याची बरणी माझ्याकडेच आहे, कबूल.

शनिवारी मी माहेरी असेन. संध्याकाळी फोन कर. नाव घेऊन हाक मार, चांगली मोठ्यांदा. मी स्पीकर चालू ठेवते.

तुझी,
कविता