बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डातून

बुडापेस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

चाळीच्या पुनर्विकासाची मीटिंग पुन्हा पुढे गेली, असं आई फोनवर म्हणाली. म्हणून आज मी राहते त्या वस्तीबद्दलच लिहिते.

हा शहराचा आठवा वॉर्ड, योझेफवारोश. इथल्या बऱ्याच इमारती शंभर-सव्वाशे वर्षांच्या. मधे चौक, प्रत्येक मजल्यावर लोखंडी कठड्याची गॅलरी आणि गॅलरीत ओळीनं दारं. थेट आपली चाळच! १९५२ साली कम्युनिस्ट सरकारनं भाड्याच्या इमारती मालकांकडून काढून घेतल्या. भाडं नाममात्र ठेवलं, पण दुरुस्तीकडे कुणी बघितलं नाही. पैसा गेला शहराच्या कडेला, कारखान्यात बनवलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून उभारलेल्या वसाहतींवर. तेव्हाही सगळे समान नव्हतेच. सरकारी नवी घरं वरच्या हुद्द्यावरच्यांना जास्त मिळतात, हे इवान सेलेनी या समाजशास्त्रज्ञानं त्याच राजवटीत दाखवून दिलं. पुढे त्याला देश सोडावा लागला.

राजवट गेल्यावर ही घरं वॉर्डांच्या पालिकांकडे आली आणि १९९३ च्या कायद्यानं भाडेकरूंना ती अगदी स्वस्तात विकत घ्यायचा हक्क मिळाला. खरी फाळणी तिथे झाली, काका. चांगल्या भागात मोठं घर असलेल्याला जवळजवळ फुकटात मालमत्ता मिळाली. ज्याचं छत गळतं, संडास गॅलरीच्या टोकाला, त्यानं ते घर विकत घेऊन करायचं काय? असे लोक पालिकेचे भाडेकरूच राहिले, त्यांत रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्या समाजाची, कुटुंबं पुष्कळ. आता लोक म्हणतात, या वस्तीत गरिबी फार. ती इथे साठली कशी, हे कुणी विचारत नाही, याचा मला संताप येतो.

पुढे दोन वाटा निघाल्या, त्याही एकाच वॉर्डात. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावात जिथे लढाई झाली, त्या कोर्विन थिएटरच्या मागे सुमारे २२ हेक्टरांत जुन्या इमारती पाडून मॉल, ऑफिसं आणि नवी घरं बांधली. भाडेकरूंना पर्यायी घर किंवा पैसे दिले, हे खरं. पण नवी घरं बाजारभावानं विकली गेली. ती त्यांच्या आवाक्यातली कुठली? दुसरी वाट थोड्याच अंतरावरच्या मॅग्दोल्ना भागात, २००५ पासूनची. तिथे भाडेकरूंना सोबत घेऊन आहे त्या इमारती दुरुस्त केल्या आणि हातमोज्यांच्या जुन्या कारखान्यात मुलांसाठी केंद्र काढलं. काम हळू चालतं, दिसायलाही झगमगीत नाही. मला मात्र हेच पटतं, कारण माणसं तिथेच राहतात.

जवळपासच्या वॉर्डांत आता पर्यटकांचा लोंढा. घरमालकांना रोजच्या भाड्यावर जास्त पैसे मिळतात. म्हणून सहाव्या वॉर्डानं २०२४ मध्ये रहिवाशांचं मत घेतलं आणि २०२६ पासून अशा भाड्यावर बंदी ठरवली.

काका, तुम्ही कमिटीत आहात. बिल्डरच्या करारात ट्रान्झिट कॅम्पची मुदत आणि तोवरचं भाडं लिहून घ्याच. तळमजल्यावरच्या पोटभाडेकरूंची नावं यादीत आहेत का, तेही बघा. त्यांच्याकडे पावत्या नसतील तर ते तिथेच राहतात, असं शेजाऱ्यांनी आत्ताच लिहून द्यावं. कमिटीनं ठराव केला तर उत्तम. मीटिंगमध्ये काय ठरलं ते सविस्तर कळवा.

काकूंना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

आपली,
मेधा