मूळ गाणे अपुरे नव्हते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायमन आणि गारफंकेल या अमेरिकी जोडीवर आलेला लेख आवडला. मात्र ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए. एम.’ या त्यांच्या १९६४ च्या पहिल्या अल्बमची ‘फसलेला प्रयत्न’ एवढ्यावर केलेली बोळवण पटली नाही. त्या निमित्ताने तो अल्बम पुन्हा सलग ऐकला, म्हणून हे पत्र.

अल्बम खपला नाही, हे खरेच. सुरुवातीला जेमतेम ३,००० प्रती गेल्या असे सांगतात. जोडी पांगली आणि पॉल सायमन इंग्लंडला गेले. पुढे १५ जून १९६५ रोजी निर्माते टॉम विल्सन यांनी दोघांनाही न विचारता त्यातील ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम्स चढवले आणि १९६६ च्या आरंभी ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. लेखात हे सारे आले आहे. राहिले ते एवढेच, की नव्या आवृत्तीतही गळे जुनेच होते. श्रोत्यांनी जे डोक्यावर घेतले, ते आधी वर्षभर कोणी ढुंकूनही न पाहिलेले गायनच होते. मूळ ध्वनिमुद्रणात ताल धरायला ड्रम्स नसल्यामुळे दोघे शब्दांच्या कलाने किंचित पुढेमागे होतात. नंतरच्या वादकांना या हलत्या लयीशी जुळवून घेताना बरीच कसरत करावी लागली, आणि ड्रम्स सुरू झाल्यावर कान देऊन ऐकले तर ती ओढाताण आजही जाणवते.

अल्बममधील बाराही गाणी सारख्या तोलाची आहेत, असा माझा दावा नाही. बारांपैकी पाचच सायमन यांची; बॉब डिलन यांचे गाणे तर दोघांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटल्यासारखे नीटनेटके म्हटले आहे. पण सोळाव्या शतकातील ओर्लांदो दि लास्सो यांच्या रचनेवर बेतलेले लॅटिन ‘बेनेडिक्टस’ ऐकावे. दोन आवाज एकमेकांना कशी वाट करून देतात, हे तिथे उघड दिसते.

शीर्षकगीताचा मात्र लेखात उल्लेखही नाही, याचे नवल वाटले. दारूचे दुकान लुटून आलेला तरुण पहाटेपूर्वी निघून जायचे म्हणून शेजारी झोपलेल्या प्रेयसीकडे पाहत पडला आहे. लूट किती, तर पंचवीस डॉलर आणि थोडी चांदी. हेच गाणे सायमन यांनी पुढच्या अल्बमसाठी ‘समव्हेअर दे कान्ट फाइंड मी’ या नावाने ड्रम्ससह, द्रुत लयीत पुन्हा बांधले. दोन्ही लागोपाठ ऐकली, तर नव्या गाण्यात तो चोर नुसता पळतो. जुन्यात तिच्या श्वासाकडे लक्ष देण्याइतका वेळ त्याच्याकडे असतो.

आपला,
एक वाचक, सातारा