आई, आता तुझे पाय पुढे कर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत आठ दिवस तुमच्याकडे राहून आले, पण रात्री दोन-अडीचला होणारा माठाच्या झाकणाचा आवाज अजून कानातून जात नाही. मग ओसरीवर आईच्या चपला. मी विचारलं तर म्हणालीस, "वय झालं की झोप कमीच होते गं." वयाबरोबर झोप सावध होते हे खरं. पण आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ अशा जात असतील, तर तो आजार आहे. तुझं दीड वर्ष होत आलं.

उशाखालची ती झोपेची अर्धी गोळीही मी पाहिली. या जातीच्या गोळ्यांनी पासष्टीनंतर तोल जातो, पडून हाड मोडण्याची भीती वाढते, डोकं जड राहतं, विसरायला होतं. मला फार काळजी वाटते. तरी मनाने एकदम बंद करू नकोस. सवयीची गोळी अचानक तोडली तर झोप आणखी बिघडते, कधी झटकेही येतात. बाबा, तिला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि हळूहळू कमी कशी करायची ते विचारा.

आणि रोज रात्री तिचे तळपाय चोळा.

आई, आजीचे पाय तू किती वर्षं चोळलेस! जेवणं आटोपली की काशाची वाटी आणि खोबरेल घेऊन बसायचीस. आजी घोरायला लागायची आणि तुझा हात थांबला की जागी व्हायची. अभ्यंगाच्या फळांत आयुर्वेदाचार्य वाग्भटाने झोपही सांगितली आहे, आणि डोकं, कान, पाय यांना तेल विशेष लावावं असंही. आजचे अभ्यासक सांगतात की केसाळ त्वचेतल्या काही बारीक नसा सेकंदाला साधारण तीन सेंटिमीटर अशा संथ, हळुवार स्पर्शालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. म्हणून पोटऱ्यांवरून हात फिरवताना घाई नको. अंग सैल पडतं, श्वास लांबतो. मसाजवरचे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे याने निद्रानाश बरा होईलच असं मी म्हणत नाही. पण झोपेला मदत होते आणि गोळीसारखी तोल जाऊन पडायची भीती नाही, एवढं मला पुरेसं आहे. (वाटी घासून तळवे काळे पडले तर अंगातली उष्णता निघाली असं समजू नका. तो धातूचा आणि तेलाचा मळ असतो.)

बाबा, प्रत्येक पायाला दहा मिनिटं. टाचेकडून बोटांकडे, मग बोटांच्या बेचक्यात. नंतर पंच्याने तेल नीट पुसा, नाहीतर ती रात्री बाथरूमला उठेल आणि फरशीवर घसरेल. एकच पोटरी सुजलेली, लाल किंवा दुखरी दिसली तर हातही लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिला साखर आहे, तेव्हा भेगा, जखमा आधी बघा आणि तेल कोमटच असू द्या.

आई, तू काय म्हणणार ते माहीत आहे. मागे बाबांनी पायाला हात लावला तर तू पाय पदराखाली ओढून घेतलेस. "नवऱ्याने पायाला हात लावायचा? पाप लागेल." सासूचे, नणंदेच्या बाळंतपणात तिचे, माझ्या तापात माझे पाय तू चेपलेस. तुझे कुणी चेपले? बाबांना खरंच करायचं आहे. ओसरीवर बसून त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

पाचचा चहा सोड, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त आडवी होऊ नकोस, समोरचं घड्याळ भिंतीवरून काढा. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळण्यापेक्षा ओसरीवर बसणंच बरं, तेवढं तू बरोबर करतेस. या सवयी बसवण्याची रीतसर उपचारपद्धती आहे, तिला सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने 2016 साली गोळीच्या आधी तीच सुचवली. डॉक्टरांना त्याबद्दलही विचारा.

आजीची वाटी माळ्यावर, पितळी घंगाळात आहे. बाबा, तुम्ही स्टुलावर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. रविवारी फोन करते, तेव्हा आईनेच सांगायचं, किती रात्री पाय पुढे केले ते.

तुमची,
ताई