सर्व्हिस लिफ्टची नोटीस मागे घ्यावी, जिन्याच्या जाळ्या बुजवू नयेत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
माटुंगा, मुंबई

दिनांक : १६ सप्टेंबर २०२५

विषय : लिफ्टबाबतची नोटीस आणि २८ तारखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील विषय क्र. ६

मा. अध्यक्षसाहेब, स.न.वि.वि.

गणपतीनंतर आपल्या इमारतीत ताप-खोकल्याची साथ फिरली. माझ्या माहितीतल्याच पंधरा घरांत माणसं आजारी होती, त्यात आमचंही घर आलं. लगोलग २०२० सालची जुनी नोटीस नव्याने लॅमिनेट होऊन लिफ्टपाशी लागली : ‘संसर्ग टाळण्यासाठी घरकामाच्या बायका, ड्रायव्हर व डिलिव्हरीवाले यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी.’

परवा सकाळी सव्वाआठला मी मुद्दाम खाली थांबून मोजलं. सर्व्हिस लिफ्टसमोर सतरा जण होते. आतल्या पाटीवर ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ लिहिलंय, आत शिरले अकरा. शेवटची बाई दार लागेना म्हणून पोट आत ओढून उभी राहिली. तेवढ्या वेळात शेजारच्या लिफ्टने एक सभासद आपल्या कुत्र्यासह वर गेले. कुत्र्याला ती लिफ्ट चालते.

या अकरा जणी दिवसभरात प्रत्येकी चार-पाच घरं करतात. एकीला खोकला असेल आणि पगार कापला जाईल म्हणून तिने खाडा केला नसेल, तर मजल्या-मजल्यावर थांबत जाणाऱ्या त्या बंद डब्यात उरलेल्या दहा जणी तिचीच हवा घेतात. मग त्या चाळीस-पन्नास घरांत पांगतात. तीन लिफ्टमध्ये विभागली जाणारी माणसं आपण एकीत कोंबली आणि त्याला संसर्ग टाळणं म्हणतो.

मी एकतीस वर्षं क्षयरोग दवाखान्यात परिचारिका होते. तिथे पहिल्याच दिवशी मला शिकवलं गेलं ते टेबल कुठे मांडायचं. खिडकीचा वारा आपल्या पाठीकडून येऊन पेशंटकडे जाईल, तिथून दाराबाहेर पडेल, असं. इतकी वर्षं खोकणाऱ्या माणसांसमोर बसले, ती त्या टेबलाच्या भरवशावर. म्हणून आपल्याकडे ‘दाटी’ म्हटलं की लोक डोकी मोजतात तेव्हा मला राहवत नाही. एकच हवा किती जण आणि किती वेळ वाटून घेतात, हे मोजायला हवं.

आपल्याच एफ-उत्तर वॉर्डाचं उदाहरण घ्या. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी केली, त्यांत आपला वॉर्ड होता. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली, इमारतींतल्या लोकांत १६ टक्के. आपण शहाणे म्हणून वाचलो असं नव्हे. आपल्याला स्वतःचा संडास होता, दार लावता येत होतं, पगार घरी येत होता. पुढे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पारडं फिरलं. मुंबईतले बहुतेक नवे रुग्ण इमारतींतून निघाले. तोवर आपण पुन्हा हॉलमध्ये जमायला लागलो होतो आणि आपल्यातल्या बहुतेकांना आजार शिवलेला नव्हता.

शेजारच्या धारावीत तर पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण असताना ‘अंतर राखा’ म्हणून काय होणार? तिथे घरोघर जाऊन आजारी माणसं शोधली, त्यांना शाळांत आणि क्रीडासंकुलात हलवलं, सार्वजनिक संडास दिवसातून अनेकदा धुतले. वस्तीची दाटी तेवढीच राहिली, भेटीगाठी तेवढ्या तोडल्या. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं ते त्यासाठी.

आणि आपल्या यंदाच्या तापाचं मूळ मला सर्व्हिस लिफ्टच्याही आधी क्लब हाऊसमध्ये दिसतं. रोज संध्याकाळी साठेक माणसं, एसी म्हणून खिडक्या बंद, आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत पाऊण तास घसा ताणून आरत्या. मोठ्याने गाताना तोंडातून किती तुषार उडतात! मीही गात होते, त्यामुळे दोष कुणाला देत नाही. पण त्या हॉलमध्ये घरकामाची एकही बाई नव्हती, एवढी नोंद असावी.

आता विषय क्र. ६ : ‘कबुतरांच्या त्रासामुळे जिन्याच्या जाळ्या काढून फिक्स काच बसवणे.’ कबुतरांचा त्रास खरा आहे, माझ्याच मजल्यावर सर्वांत जास्त आहे. त्यासाठी नायलॉनची जाळी पुरते. काच लावली की बावीस मजल्यांच्या जिन्याची एक बंद नळी होईल आणि प्रत्येक पॅसेजची हवा तिच्यात कोंडेल.

आपण राहतो ती जागा वाऱ्यासाठीच आखली होती, हे समितीतल्या तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, त्यानंतर १८९८ साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था आली आणि पुढे तिनेच दादर-माटुंग्याची आखणी केली. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता : समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको, म्हणजे खोलीत आकाशाचा उजेड येतो. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, कोंदट हवेने नव्हे, त्यामुळे निदान चुकलंच होतं. पण क्षयासाठी तोच उपाय बरोबर निघाला. त्याच प्लॉटवर आज आपला टॉवर आहे. निदान जिन्यात तरी वारा राहू द्या.

एक छोटी गोष्ट राहिली. आपल्या इमारतीत नऊ फ्लॅट कायम बंद असतात. तिथल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखाली साठून पाइपमधली हवा अडवणारं) पाणी महिन्या-दोन महिन्यांत सुकतं आणि ड्रेनेजच्या पाइपमधली हवा सरळ वर येते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत मार्च २००३ मध्ये सार्स (कोविडसारखाच श्वसनाचा साथरोग) आला तेव्हा लोक आपापल्या दाराआड होते, तरी तीनशेहून अधिक जणांना लागण झाली. तपासात सुकलेले ट्रॅप, बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे आणि इमारतींमधली डक्ट यांवर बोट ठेवलं गेलं. आपल्याकडे किल्ल्या ऑफिसात आहेतच. मालकांना विचारून दर पंधरवड्याला प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओतायला प्लंबरला सांगावं.

तेव्हा विनंती अशी, की नोटीस सभेची वाट न पाहता काढावी आणि तिन्ही लिफ्ट सर्वांना खुल्या कराव्यात. विषय ६ मध्ये काचेऐवजी नायलॉनच्या जाळीचा दर मागवावा. घरकामाच्या बाईला ताप असेल तर तीन दिवसांची पगारी रजा द्यावी, हे आवाहनही इतिवृत्तात यावं. ते बंधनकारक करता येत नाही, मला कल्पना आहे.

सभा क्लब हाऊसमध्येच असेल तर त्या दिवशी एसी नको. पूर्वेकडच्या दोन खिडक्यांच्या कड्या गंजून अडकल्या आहेत. वॉचमनकडून आदल्या दिवशी तेल घालून घ्यावं, शनिवारी मी स्वतः येऊन बघते.

आपली,
सदनिका क्र. ७०४ ची सभासद