म्हणे ‘हरवून जा’!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या ओरेगॉन-कॅलिफोर्नियाच्या किनारी जंगलांतल्या मोटार-भटकंतीचा लेख वाचला. धुकं, नेचे, तीनशे फुटी रेडवूडची झाडं, सगळं झकास उतरलंय, वाद नाही. पण ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पासहून किनाऱ्यावरच्या गोल्ड बीचला जाताना ‘हायवेचा वळसा टाळा, बेअर कॅम्प रोडनं डोंगर चढा आणि खुशाल हरवून जा’ हा सल्ला लेखकमहाशयांनी कुणाच्या जिवावर दिला?

त्याच रस्त्यावर नोव्हेंबर २००६ मध्ये एक कुटुंब खरोखरच हरवलं होतं. रात्रीची वेळ, वर बर्फ. चुकून ओंडके वाहायच्या फाट्याला लागले आणि अडकले. उबेसाठी गाडीचे टायर जाळले. आई आणि दोन लहान मुली नऊ दिवसांनी सापडल्या. वडील मदत आणायला पायी निघाले होते, ते थंडीनं गेले. अमेरिकेतल्या पेपरांत तेव्हा रकानेच्या रकाने आले होते. त्या रस्त्यावरचा बर्फ हिवाळ्यात काढत नाहीत. १९९ नंबरच्या रस्त्यानं क्रेसेंट सिटी आणि तिथून १०१ नंबरच्या रस्त्यानं उत्तरेला गोल्ड बीच, हा वळसा लोक हौसेनं घेत नाहीत. इतकं तरी छापायचं होतं.

मी एसटीत चालक होतो, हयात घाटात गेली. मुलीकडे गेलो असताना ओरेगॉनमध्येच जावयांनी फोनमधल्या बाईचं ऐकून ‘जवळचा’ रस्ता धरला. डांबर संपलं, खडी लागली, नेचे दोन्ही आरशांना घासायला लागले. मग बाईही गप्प झाली, कारण रेंज गेली. मी म्हटलं, जावईबापू, रुंद जागा दिसेल तिथे वळवा. ते म्हणाले, बाबा, पुढे हायवे आहे. पुढे हायवे नव्हता, वरच्या वळणावरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक उतरत होता. एवढं वजन उतारावर खडीत थांबवणं म्हणजे काय, ते स्टिअरिंग धरलेल्यालाच कळतं. त्यानं थांबवला. शिवी नाही, हॉर्न नाही, नुसतं मागे बोट दाखवलं. आमच्या गाडीचा मागचा कॅमेरा चिखलानं माखलेला, दरीकडच्या कडेला कठडा नाही. शेवटी मी उतरलो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत गाडी मागे घेतली. जन्मभर कंडक्टरची घंटी ऐकली, त्या दिवशी कंडक्टरही झालो!

भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाईच असते, हे आम्हाला नंतर कळलं. लेखात त्याचा उल्लेख नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, टाकी अर्धी व्हायच्या आत भरा, लांब उतार खालच्या गिअरवर उतरा, हेही नाही. ‘सावकाश, झाडं बघत चला’ एवढं मात्र आहे. जरूर चला, पण कॅलिफोर्नियात दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकला वाव नसेल आणि मागे पाच गाड्या तुंबल्या, तर बाजूच्या जागेत थांबून त्यांना साइड देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपली मंडळी मध्येच थांबून सेल्फी काढतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

जाता जाता त्या फोटोबद्दल. झाडाच्या बोगद्यातून मोटार निघतेय, खाली ओळ ‘किनाऱ्यावरील रेडवूड’. अहो, ते योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातलं ‘वावोना’ झाड! समुद्रापासून दूर, सिएरा नेवाडा डोंगरातलं, जातही वेगळी. १८८१ मध्ये त्याला भोक पाडलं आणि १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं ते कोसळलं. वाचकांनी शोधायचं कुठे? मोटार घालता येईल असं झाड हवंच असेल तर कॅलिफोर्नियातल्या लेगेट गावी आहे, तिकीट काढून. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल का? आणि छापलीत तर शब्दकोड्याच्या खाली बारीक अक्षरांत नको.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक