भूल देणाऱ्या मॅडमना, डिचोलीहून

मॅडम, नमस्कार. रोज एवढे पेशंट बघता, मी काय आठवणार तुम्हाला, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री "पाय लुळे पडणार नाहीत ना?" असं ज्याने तीनदा विचारलं तो डिचोलीचा आरतीवाला मीच.

उजव्या फुफ्फुसातली छोटी गाठ दुर्बिणीने काढायची होती, तीन भोकं पाडून. (रिपोर्ट चांगला आला, जुन्या टीबीचा डाग निघाला.) भोकं छोटी म्हणजे दुखणंही छोटं, असं घरी सगळे म्हणत होते पण मला पटेना, कारण दादाची छाती उघडून केलेली तेव्हा मी बघितलंय, मॉर्फिनची गुंगी, उलट्या, खोका म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचा, शेवटी कफ साचून न्यूमोनिया. मी तेच डोक्यात घेऊन आलेलो.

तुम्ही स्टूल ओढून बसलात नि फाइलच्या मागे बरगड्या काढून दाखवल्यात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने नस जाते, भोकं पाडतात ती दोन बरगड्यांच्या मधे, नंतर छातीतली हवा-पाणी काढायची नळी पण तिथूनच, ती घासत राहते म्हणून भोक छोटं असलं तरी दुखतं. एवढं साधं आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मग तो इरेक्टर स्पायनी ब्लॉक (नाव पाठ केलंय हां!), म्हणजे पाठीत सुई देऊन छातीच्या नसा बधीर करायच्या, 2016 मधे पहिल्यांदा छापून आलेला, म्हणजे तसा नवाच. सोनोग्राफीत बघत बघत कण्याच्या बाजूच्या हाडावर, स्नायूखाली औषध सोडायचं. सुई कण्याच्या आत जातच नाही, मग पाय कशाला लुळे पडतील.

पण खरं सांगू, मला सुईपेक्षा तुमचं बोलणं जास्त उपयोगी पडलं. शून्य होणार नाही म्हणालात. रात्री कधीतरी ब्लॉक उतरेल, दुखायची वाट बघत बसू नका, पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे घ्या. पहाटे चारला उतरला खरा, पण सिस्टरनी सलाइनमधून आधीच दिलेलं, निभावलं. खांदा मात्र ठणकत होता, मला वाटलं गेला ब्लॉक वाया, तर तुम्ही म्हणालात ती कळ मानेतून खाली येणाऱ्या नसेची, पाठीतलं औषध तिथे पोचत नाही, एक-दोन दिवसांत जाईल. गेली.

सकाळी राउंडला विचारलंत, दुखणं दहापैकी किती? मी म्हटलं दोन. "पडून नको, खोकून सांगा." खोकलो, चार. शाळेत गणितात मला एवढेच पडायचे. "चार चालेल, खोकता येतंय ना," म्हणालात नि पुढच्या बेडकडे गेलात. त्याच दिवशी त्या श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या खेळण्यातली दुसरी गोळी वर गेली आणि संध्याकाळी नळीची बाटली हातात धरून पॅसेजमधे दोन फेऱ्या पण मारल्या.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला शोधलं, तुम्ही ऑपरेशन थिएटरमधे. सर्जनसाहेबांना काजूचा डबा दिला, तुमचा राहिला.

यंदा चवथीला आरतीला बसलो. पहिल्या दिवशी नुसतं तोंड हलवत होतो, पाचव्या दिवशी आवाज लागला. बरगडीखाली तळहाताएवढी जागा अजून बधीर आहे, घुमट (आरतीला वाजवायचं मडक्यासारखं वाद्य) पोटाशी घेतलं की कळतं, बाकी काही नाही.

डबा फ्रीजवर ठेवलाय, पोरांना हात लावू दिला नाही. मंगळवारी ओपीडीला येतोय, तेव्हा असाल ना?